उंबरठ्याआडची नोकरी आणि मराठी स्त्रीकथन

नोकरी करणाऱ्या स्त्रीचे चित्रण हा मराठी कथात्म वाङ्मयाच्या अभ्यासकांना चांगला परिचित असलेला विषय आहे. त्याची परंपरा विभावरी शिरूरकरांच्या 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) या संग्रहापासून सांगण्याचा प्रघात आहे आणि तो रास्तही आहे. तथापि या सर्व विवेचनात एक गोष्ट न बोलता गृहीत धरली जाते. नोकरी करणे म्हणजे घराबाहेर जाणे, ही ती गोष्ट होय. मार्च २०२० मध्ये मुंबई व तिची उपनगरे यांत हे गृहीत एकाएकी निराधार झाले. मुलुंडसारख्या उपनगरातील अनेक मातांची नोकरी कायम राहिली, वेतनही बहुधा कायम राहिले. बाहेर जाणे मात्र संपले. ज्याला सर्वजण 'वर्क फ्रॉम होम' म्हणू लागले, त्या अनुभवाला मराठी साहित्यात अद्याप समर्थ रूप सापडलेले दिसत नाही. याचा दोष लेखिकांच्या उदासीनतेकडे देणे सोपे आहे. परंतु तसे करण्यापूर्वी, हा अनुभव ज्या साच्यात ओतावयाचा तो साचाच मराठी कथनपरंपरेपाशी आहे काय, हे पाहिले पाहिजे.

हाताशी असलेला साचा उंबरठ्याचा आहे. शांता निसळ यांची 'बेघर' ही कादंबरी आणि तिच्यावर आधारलेला, विजय तेंडुलकरांची पटकथा व जब्बार पटेलांचे दिग्दर्शन लाभलेला 'उंबरठा' (१९८२) हा चित्रपट ही याची सर्वांत स्पष्ट उदाहरणे. सुलभा ही विवाहित स्त्री, एका लहान मुलीची आई, परगावच्या महिला सुधारगृहाची अधीक्षिका म्हणून नोकरी पत्करते. कथेची सारी गती तिच्या जाण्यात आणि परत येण्यात आहे. ती गेली म्हणून घर तिच्यावाचून जगावयास शिकले. ती परतली तेव्हा त्या घरात तिची जागा उरली नव्हती. ती पुन्हा निघाली. येथे नोकरीचे स्वरूप गौण असून ओलांडण्याची क्रिया प्रधान आहे. चित्रपटकारांनी कादंबरीचे नाव बदलून जे नाव घेतले, त्यातच हे सूत्र सांगितले गेले. 'बेघर' हे नाव परिणामाचे आहे, 'उंबरठा' हे कृतीचे. गौरी देशपांडे यांच्या नायिकाही दूरदेशी जातात. त्यांचे प्रश्न वेगळे, पण अंतर हेच त्यांच्याही आत्मशोधाचे साधन. स्त्रीचा श्रम वाचकाला दिसावा म्हणून मराठी कथेने तिला दाराबाहेर पाऊल टाकावयास लावले आहे. घड्याळ, डबा, पास, उशिरा परतल्यावरची सासूची मुद्रा ही सारी सामग्री त्या पावलामुळेच कथेला मिळते.

मुंबईच्या उपनगरांत या उंबरठ्याला एक विलक्षण लांबी प्राप्त झाली. मुलुंड हे मध्य रेल्वेवरील बृहन्मुंबईचे अखेरचे स्थानक. त्यानंतर ठाणे लागते. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यास गेलेली पहिली आगगाडी याच वाटेने गेली. येथून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत धीम्या गाडीने सुमारे तासाभराचा प्रवास आहे. जाऊन येऊन दोन तास, आठवड्यातून पाच किंवा सहा दिवस, अशी वीस-पंचवीस वर्षे. या प्रवासाविषयी जे लिहिले जाते ते प्रायः हालअपेष्टांचे असते आणि ते खोटे नाही. गर्दीत जीव गुदमरतो, गाडी सुटते, दारात लोंबकळावे लागते. परंतु महिलांच्या डब्याची दुसरी बाजूही तितकीच सत्य आहे. तेथे मटार सोलले जातात, मेथी निवडली जाते, नवरात्रात ठरलेल्या रंगाच्या साड्या नेसून मंडळी येतात, भजने म्हटली जातात, हळदीकुंकू होते, आणि घरी ज्याचा उच्चारही होणार नाही असे पुष्कळ काही शेजारणीला सांगितले जाते. घरकामाचा एक तुकडा पिशवीत घालून स्त्री गाडीत येते, हे खरे; पण त्या घटकेपुरती तिला हाक मारणारे कोणी नसते. हा प्रवास घराचाही नव्हता आणि कचेरीचाही नव्हता. दोन्ही धनी अनुपस्थित असलेला असा काळ नोकरी करणाऱ्या आईच्या दिवसात दुसरा नव्हता. मराठी कथेने या काळाकडे साधन म्हणून पाहिले. विषय म्हणून तो क्वचितच हाताळला.

२३ मार्च २०२० पासून उपनगरी गाड्या थांबल्या. जूनच्या मध्यास त्या अत्यावश्यक सेवांतील कर्मचाऱ्यांकरिता सुरू झाल्या आणि २१ ऑक्टोबर २०२० पासून सर्व स्त्रियांना प्रवासाची मुभा मिळाली. ही मुभा सकाळी ११ ते दुपारी ३ आणि सायंकाळी ७ नंतर अशी होती. गर्दी टाळण्याचा हेतू त्यामागे होता हे उघड आहे. परंतु या वेळापत्रकाचे वाचन एखाद्या संहितेप्रमाणे केले, तर त्यातून उभी राहणारी स्त्री कोणती? ती दहा वाजता कोठेही पोहोचावयाची नाही आणि पाच वाजता कोठूनही निघावयाची नाही. दरम्यान मुंबईतील पहिली ते सातवीच्या शाळांचे वर्ग १५ डिसेंबर २०२१ पर्यंत उघडले नव्हते आणि उघडल्यानंतर जानेवारीत पुन्हा काही काळ मिटले. म्हणजे पावणेदोन वर्षे मुलुंडच्या दोन खोल्यांच्या सदनिकेत आईची कचेरी, वडिलांची कचेरी, मुलाची शाळा आणि सर्वांचे स्वयंपाकघर एकाच छपराखाली, पुष्कळदा एकाच टेबलावर चालले. ऐरोलीच्या पुलापलीकडची, पवईची किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातली कचेरी आता शयनगृहाच्या कोपऱ्यात होती.

येथे एक आकडेवारी ध्यानात घेण्याजोगी आहे. केंद्र शासनाच्या सांख्यिकी खात्याने २०१९ साली केलेल्या कालविनियोग पाहणीत, विनावेतन घरकामात भाग घेणारी स्त्री त्यासाठी दिवसाकाठी २९९ मिनिटे देते आणि असा पुरुष ९७ मिनिटे देतो, असे आढळले. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. या दोन पाहण्यांच्या मधल्या काळात देशातील असंख्य पुरुषांनी आपली पत्नी दिवसभर काय करते हे आयुष्यात प्रथमच प्रत्यक्ष पाहिले असेल. त्या पाहण्याचा परिणाम म्हणून स्त्रीची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषाची नऊ. ही आकडेवारी साऱ्या देशाची आहे, मुलुंडची नव्हे, आणि तीवरून एका घराचे अनुमान काढणे युक्त होणार नाही. परंतु शेजारी बसून पाहिल्याने काम 'दिसते' असे नाही, एवढे तीवरून निश्चित म्हणता येते. आणि प्रस्तुत विवेचनाचा मुद्दाही दिसण्याचाच आहे.

कथा-वाङ्मयाच्या दृष्टीने अडचण अशी की, या दिवसात घटना नाही. कोणी गेले नाही, कोणी आले नाही. बैठक चालू असताना कुकरची शिट्टी झाली, मूल पडद्यासमोर आले, वरिष्ठांनी हसून सोडून दिले अथवा दिले नाही. नियतकालिकांतील ललित लेखनाने या सामग्रीचे विनोद केले आणि त्यांतील काही बरेही होते. पण विनोद हा येथे एक प्रकारचा पडदाच ठरतो. शिट्टीची गंमत सांगितली की, शिट्टी होण्यापूर्वी डाळ कोणी लावली, बैठकीच्या अजेंड्याबरोबर तिच्या मनात आणखी कोणते वेळापत्रक चालू होते, हे सांगण्याची गरज उरत नाही. दुसऱ्या टोकाला गाऱ्हाण्याचे लेखन आहे. ते प्रामाणिक असते, परंतु त्यात दिवस सारखेच असल्याने दुसऱ्या पानावर पहिल्याच पानाची पुनरावृत्ती होते. उंबरठ्याच्या साच्यातून उंबरठा काढून घेतला की, मागे उरते ते एवढेच.

वस्तुतः घरात बसून, मुलांच्या घोळक्यात, चार पैशांसाठी किंवा पैशांवाचून केलेले काम ही मराठी स्त्रीजीवनातील नवी गोष्ट नाही. आणि या कामाला स्वतःचे वाङ्मयीन रूप एकदा लाभलेही होते. जात्यावरची ओवी हे ते रूप. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. ग्रामीण स्त्रीने माहेर, सासर, लेकरू, दुष्काळ आणि आंबेडकर यांविषयी जे म्हटले ते पीठ पडत असताना म्हटले. या रूपाची मीमांसा करताना भावनेवर भर दिला जातो. तंत्राचा विचार फारसा होत नाही. ओवी शक्य झाली याचे एक कारण असे की, जाते हात गुंतवते आणि तोंड मोकळे ठेवते. खुंट्याची फेरी आणि चरणाची लांबी यांचा मेळ बसतो. पापड लाटण्याचेही तसेच. १९५९ साली गिरगावात सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन आरंभिलेल्या लिज्जत पापडाच्या उद्योगात भगिनी भिजवलेले पीठ घरी नेतात, घरी लाटतात आणि वाळलेले पापड आणून देऊन मजुरी घेतात. मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत संगणक येण्यापूर्वी कितीतरी आधी चाळीतल्या खोलीत ही घरून करावयाची नोकरी सुरू होती. तेथेही पोळपाटाशी बसलेली स्त्री बोलू शकते, मूल मांडीपाशी लोळू शकते. अमेरिकन लेखिका टिली ओल्सेन यांच्या 'आय स्टँड हिअर आयर्निंग' या कथेत आई इस्त्री करीत उभी आहे आणि संपूर्ण कथन त्या इस्त्रीच्या पुढेमागे होण्यातून चालते. तेही याच जातीचे रूप होय.

पडद्यासमोरची नोकरी नेमकी याच्या उलट आहे. ती हात जवळजवळ मोकळे ठेवते. डोळे, कान आणि वाणी मात्र घेऊन टाकते. लेकराला मांडीवर घेता येते, पण त्याच्याशी बोलता येत नाही. त्याने गप्प राहिले पाहिजे. जात्यापाशी लेकरू हा ओवीचा विषय होता, येथे तो व्यत्यय आहे. पडद्यावरील एक कळ दाबून आईने आपला आवाज बंद करावा आणि मुलाकडे वळावे, पुन्हा ती दाबून कचेरीकडे वळावे, हा दिवसातून पन्नासदा होणारा व्यवहार ज्या भाषेत घडतो, त्या भाषेत दीर्घ वाक्यच संभवत नाही. साहित्यातील मौनाचे एक मूळ येथे आहे असे दिसते. उंबरठ्याची कथा जाण्यावर उभी होती, ओवी मोकळ्या वाणीवर. नव्या अनुभवाकडे दोन्ही नाहीत.

अशा स्थितीत ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान' (२००३) या आत्मकथनाकडे पुन्हा वळणे उपयुक्त ठरते. या ग्रंथाचे वाचन आजवर बहुधा दोन वाटांनी झाले. दलित आत्मकथन म्हणून त्यातील जातिवास्तव तपासले गेले आणि स्त्रीवादी लेखन म्हणून लेखिकेच्या शिक्षण-संसाराचा संघर्ष. दोन्ही वाचने आवश्यक आहेत. तथापि ग्रंथाच्या रचनेत एकमेकींवर ताणलेल्या दोन श्रमकथा आहेत, हे त्यामुळे झाकले जाते. पहिली आईची. रत्नागिरीजवळच्या फणसवळे गावात, शिक्षक असलेल्या नवऱ्याच्या निधनानंतर, आये बांबूची सुपे, टोपल्या, रोवळ्या विणून मुले वाढवते. ती घरातच विणते. दुसरी लेकीची. ती रत्नागिरीत आणि पुढे मुंबईत सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करते, मुले वाढवते, पतीची नाराजी सोसून एम. ए. होते, लिहू लागते. दुसरी कथा उंबरठ्याच्या साच्यात चपखल बसते. तिच्यात कचेरी आहे, पगार आहे, परतण्याची वेळ आहे. पहिलीत यांपैकी काही नाही. आयेच्या विणण्याला आरंभ नाही, सुट्टी नाही. दुःख आले तरी तिचे हात थांबत नाहीत. कथानकाच्या भाषेत ज्याला घटना म्हणावे ते तेथे होतच नाही, आणि तरीही ग्रंथ संपल्यावर वाचकाच्या मनात राहते ते ते विणणे. लेखिकेने नाव घेतले तेही आयेच्या कामाचे, आणि आपले लिहिणे व आयेचे विणणे यांचे नाते तिने स्वतःच सांगितले आहे.

हे साधले कसे, हा रूपाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर निवेदकाच्या जागेत सापडते. आये स्वतः आपली कथा सांगत नाही. तिच्यापाशी बसलेली, तिच्या धाकात असलेली, पुष्कळदा तिच्यावर रागावलेली मुलगी ती सांगते. काम करणाऱ्या व्यक्तीला आपल्या कामात घटना दिसत नाही. त्या कामाच्या कडेला बसून ज्याचे लहानपण गेले, त्याला प्रत्येक चोईचा आवाज आठवतो. शिवाय ही मुलगी केवळ प्रेक्षक नाही. तयार आयदाने गिऱ्हाइकांच्या घरी पोहोचवणे तिच्याकडे असते. तेथे तिला दाराबाहेर उभे केले जाते, टोपल्यांवर पाणी शिंपडून मग त्या आत घेतल्या जातात आणि पैसे वरून तिच्या हातावर टाकले जातात. म्हणजे या ग्रंथात उंबरठा आहेच, पण तो आपल्या घराचा नाही. तो दुसऱ्याच्या घराचा आहे आणि तो ओलांडण्याची मनाई आहे. सुलभेचा उंबरठा ओलांडणे हे मुक्तीचे चिन्ह म्हणून समीक्षेने साऱ्या मराठी स्त्रीजीवनाला लावले, तेव्हा ते एका वर्गाचे व जातीचे चिन्ह आहे याकडे दुर्लक्ष झाले, असे म्हणणे भाग आहे. आयेला बाहेर जाण्याची वाण नव्हती. ग्रंथाच्या आरंभी डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजारी ओझी नेणाऱ्या बायकांचे जे चित्र येते, त्या बायकांना कोणी घरात कोंडले नव्हते.

यावर असा आक्षेप येईल की, फणसवळ्याची आये आणि मुलुंडच्या सदनिकेत लॅपटॉपसमोर बसलेली अधिकारी स्त्री यांची तुलना विषम आहे. ती विषम आहेच. एकीच्या घरी उद्याचे धान्य नाही, दुसरीच्या खात्यात महिन्याच्या अखेरीस पगार जमा होतो. किंबहुना ही विषमता मुलुंडच्या घरातच उपस्थित होती. २०२० च्या त्या महिन्यांत अनेक गृहसंस्थांनी घरकाम करणाऱ्या बायकांना आवारात येण्यास मनाई केली. भांडी घासणे घरून करता येत नाही; त्या बायकांपैकी पुष्कळजणी स्वतः माता होत्या आणि त्यांचे उत्पन्न थांबले. ज्या मध्यमवर्गीय मातेची ओढाताण वर्णिली जाते, तिच्या ओढाताणीचा एक मोठा हिस्सा म्हणजे या दुसऱ्या मातेचे अनुपस्थित हात होत. त्या काळाविषयीच्या कोणत्याही कथनाची कसोटी येथे लागेल: बाई येईनाशी झाली, हे त्यात गैरसोय म्हणून नोंदले आहे की तिचेही घर त्यात आहे?

कायद्यानेही या बाबतीत एक सूचक भाषा वापरली आहे. प्रसूति-लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची केली, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सक्ती केली, आणि रजेनंतर कामाचे स्वरूप अनुकूल असल्यास परस्परसंमतीने घरून काम करण्याची तरतूद केली. साथीच्या तीन वर्षे आधीची ही तरतूद आहे. तिचा उद्देश स्तुत्य आहे यात संशय नाही. परंतु घरून काम ही आईला द्यावयाची सवलत म्हणून तेथे अवतरते, वडिलांचा उल्लेख नाही. घरी असणे हे मुलासाठी असणे होय आणि ते आईचे असणे होय, हा अर्थ शब्दांत न येताही त्यात आहे. पुढे साथीत सर्वच घरी बसले तेव्हा, कोणाचे घरी असणे 'काम' आणि कोणाचे घरी असणे 'उपलब्धता', ही विभागणी आधीच तयार होती.

'आयदाना'च्या शेजारी आणखी एक ग्रंथ ठेवावा लागतो, कारण त्यात काम करणारीनेच लेखणी हाती घेतली आहे. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले व १९८६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. फलटणला त्या लहानसे किराणा दुकान चालवीत. संसार, मुले आणि दुकान एकातच. गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्या लिहीत आणि लिहिलेले कागद घरच्यांच्या नजरेस पडू नयेत असे दडवून ठेवीत. हे जवळजवळ वीस वर्षे चालले. नवल असे की, ग्रंथात त्यांच्या या लेखनकाळाविषयी, दुकानाविषयी किंवा स्वतःच्या संसाराविषयी अगदीच थोडे आहे. तो ग्रंथ समाजाची कथा सांगतो. कागद दडवण्याची हकीकत माया पंडित यांच्या इंग्रजी अनुवादाला (२००८) जोडलेल्या मुलाखतीत आली. घरात राहून केलेले काम शिरगणतीत जसे निसटते तसे ते आपल्याच लेखिकेच्या आत्मकथनातूनही निसटू शकते, याचा याहून बोलका दाखला मराठीत सहसा मिळणार नाही. येथे रचनेचा दोष काढणे गैर होईल. जे दडवूनच करावयाचे होते, ते करताना तेच लिहिणे शक्य नव्हते.

या दोन ग्रंथांवरून मुलुंडच्या २०२० सालाविषयी एक अपेक्षा बांधता येते. ती अशी की, त्या काळाचे भरीव कथन त्या मातांकडून लगेच येण्याचा संभव कमी आहे; आणि आले तरी त्यात प्रथम दुसऱ्यांचीच दुःखे येतील. त्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मात्र कोणीतरी बसलेले होते. कानांत यंत्र घालून चौथीचा किंवा सहावीचा वर्ग ऐकत असलेल्या मुलाला एका कानाने शिक्षिका आणि दुसऱ्याने आई ऐकू येत होती. कचेरीशी बोलताना आईचा आवाज बदलतो हे त्याला तेव्हा कळले. तिचे हुद्द्याचे नाव, तिचे इंग्रजी, तिने गिळलेला अपमान आणि त्यानंतर लगेच विचारलेले 'जेवलास का?' हे सारे त्याने एकाच खोलीत ऐकले. लोकलने जाणाऱ्या आईच्या मुलांना हे कधी ऐकावयास मिळाले नव्हते. ती मुले आता महाविद्यालयात येऊ लागली आहेत.